नाव नसलेलं नेटवर्क कुणाचं?

«महिन्याभरापूर्वी घरात नवीन राउटर बसवला. त्याच आठवड्यात लॅपटॉपवर वायफायची यादी उघडली, तर आमच्या नेटवर्कच्या खाली 'हिडन नेटवर्क' असं दिसलं. रेंजचे सगळे पट्टे भरलेले. क्लिक केलं तर नाव विचारतं. आम्ही असं काहीच बनवलेलं नाही. राउटरच्या अ‍ॅपमधून वायफाय बंद करून पाहिलं. आमचं नाव यादीतून गेलं, हे मात्र तसंच. मग फोनवर आसपासची वायफाय नेटवर्कं दाखवणारं एक अ‍ॅप टाकलं, तर एकाची तीन झाली! कंपनीला फोन केला, तिथून उत्तर आलं की तुमच्या राउटरचं एकच नेटवर्क आहे. दीर म्हणतात, कुणीतरी आपल्या राउटरमध्ये घुसलंय. शेजारच्या घरातला मुलगा कॉम्प्युटरचं काम करतो, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. माझा संशय त्याच्यावर आहे. त्याच्या आईशी मी बोलणंच कमी केलंय. मुलींच्या खोलीत गेलं तरी भीती वाटते, कुठे कॅमेरा तर नसेल ना? राउटर परत करावा का? आणि आपलं नेटवर्कही असं लपवून ठेवलं तर सुरक्षित राहील का? फोनच्या स्क्रीनचं चित्र सोबत पाठवते आहे. माझं नाव छापू नका.»

ताई,

चित्र पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. तीनपैकी दोन नेटवर्कं तुमच्या स्वतःच्या राउटरमधून निघताहेत, याबद्दल माझ्या मनात जवळजवळ शंका उरलेली नाही. तिसरं तुमच्या घरातलं नाही. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायला नको. तुम्हालाच पडताळून पाहता येईल.

प्रत्येक वायफाय नेटवर्कला दोन ओळखी असतात. एक नाव, जे आपण ठेवतो आणि हवं तेव्हा बदलतो. दुसरा पत्ता. तुमच्या अ‍ॅपमध्ये नावाखाली बारीक अक्षरात आकड्यांच्या आणि अक्षरांच्या सहा जोड्या दिसतात, मध्ये दोन-दोन ठिपके असलेल्या, तोच तो. नाव लपवता येतं, पत्ता लपवता येत नाही. पत्ता नसेल तर कुणाचं बोलणं कुणाला जायचं हेच यंत्रांना कळणार नाही. तुमच्या नेटवर्कच्या पत्त्याची पहिली जोडी ७० आहे. त्याखालच्या बिननावाच्या नेटवर्कची पहिली जोडी ७२ आहे. आणि पुढच्या पाचही जोड्या? चित्र मोठं करून बोट ठेवत वाचा. अक्षर न अक्षर सारख्या आहेत.

हा योगायोग नाही. पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीला आयईईई ही संस्था नेमून देते, उरलेल्या तीन कंपनी स्वतः भरते. कारखान्यातून राउटर निघतो तेव्हा त्याच्यावर असे ठरावीक पत्ते कोरलेले असतात. पण राउटरच्या आतल्या, सिग्नल सोडणाऱ्या एकाच रेडिओतून दोन, चार, आठ नेटवर्कं काढायची असतील तर जास्तीचे पत्ते आणायचे कुठून? राउटर स्वतःच्याच पत्त्यात एक खूण बदलतो. ती खूण म्हणजे 'हा पत्ता कारखान्यातला नाही, इथेच तयार केलाय'. खूण बदलली की ७० चे ७२ होतात. म्हणून पहिल्या जोडीतला दुसरा आकडा किंवा अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता यंत्रानं स्वतः तयार केलेला आहे असं समजावं. तुमच्या दोन्ही बिननावाच्या नेटवर्कांच्या पत्त्यात ही खूण आहे. राउटर दोन रेडिओ पट्ट्यांवर बोलतो, त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झवर एक, ५ गिगाहर्ट्झवर दुसरं, आणि दोन्ही आपापल्या पट्ट्यातल्या तुमच्या नेटवर्काच्या पत्त्यावरूनच बेतलेली.

आता रेंजचे आकडे बघा. तुमचं नेटवर्क उणे ४१, बिननावाचं उणे ४०. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, आणि दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. दोन वेगळ्या घरांत ठेवलेल्या यंत्रांचे आकडे तुमच्या बैठकीच्या खोलीत इतके सारखे येणं अवघड आहे. भिंत मध्ये आली की आकडा घसरतोच. तिसऱ्या नेटवर्काचा आकडा उणे ८३ आहे, म्हणजे तुमच्या राउटरच्या मानानं दहा हजार पटींहून कमी ताकद. शिवाय त्याच्या पत्त्याचा तुमच्या पत्त्याशी काहीच संबंध नाही. ते दोन-तीन भिंतींपलीकडचं कुणाचं तरी आहे, आणि त्यांच्या राउटरमध्येही तुमच्यासारखंच काही चालू असणार.

तरी खात्री करून घ्याच. घरातल्यांना सांगून दहा मिनिटं इंटरनेट बंद ठेवा आणि राउटरची पिन सॉकेटमधून काढा. नुसतं राउटरच्या अ‍ॅपमधून किंवा मागच्या बटणानं बंद करू नका. तुम्ही तेच केलं होतं आणि तिथेच फसगत झाली. अ‍ॅपमधलं 'वायफाय बंद' हे बहुतेक वेळा तुमच्या नावाच्या नेटवर्कापुरतंच असतं, आतले रेडिओ चालूच राहतात आणि कंपनीनं ठेवलेलं बिननावाचं नेटवर्क त्यावर सुरू राहतं. राउटरला बॅकअपची बॅटरी जोडलेली असेल तर तीही काढा. सगळे दिवे विझले पाहिजेत.

मग फोनवरचं नेटवर्कं दाखवणारं अ‍ॅप उघडून दोन मिनिटं थांबा. इथे घाई केली की उत्तर चुकीचं येतं. अँड्रॉइड ९ पासून कुठल्याही अ‍ॅपला दोन मिनिटांत चारदाच आसपासची नेटवर्कं शोधू देतात, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारी यादी अर्ध्या मिनिटापूर्वीची असू शकते. गेलेलं नेटवर्क काही वेळ तसंच दिसत राहतं आणि माणूस घाबरतो, बंद केलं तरी आहेच! थांबा. ७२ वाली दोन्ही गेली की विषय संपला, ती तुमचीच. पुन्हा चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झवालं मिनिटभर उशिरा आलं तर गोंधळू नका. त्या पट्ट्यातल्या काही चॅनलवर रडारही चालतात, म्हणून बोलायला सुरुवात करण्याआधी राउटरला मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं.

हेच अ‍ॅप घेऊन घरभर फिरलात तरी कळेल. प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट उभं राहा, आकडा लिहा, मग पुढच्या खोलीत जा. राउटरपाशी उणे ३० च्या आसपास, शेजारच्या खोलीत ५०, दार लावून आतल्या खोलीत ६५ असं काहीसं येईल, आणि तुमच्या नावाच्या नेटवर्काचे व बिननावाचे आकडे हातात हात घालून चढतील-उतरतील. आयफोनवर साध्या अ‍ॅपना अशी यादी वाचता येत नाही, म्हणून हे काम अँड्रॉइड फोनवरच करा. अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागेल. त्यात वावगं काही नाही. आसपासच्या नेटवर्कांचे पत्ते कळले की माणूस कुठे आहे हे कळतं, म्हणून फोन ती परवानगी विचारतो. काम झालं की काढून टाका.

मग प्रश्न उरतो की राउटर हे करतो कशाला. कारणं बरीच आहेत आणि तुमच्या बाबतीत नेमकं कोणतं, ते राउटरचं मॉडेल कळल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. सर्वांत जास्त वेळा आढळतं ते मेशसाठी ठेवलेलं नेटवर्क. मोठ्या घरात एका राउटरची रेंज पुरत नाही म्हणून दोन-तीन डबे ठेवतात. ते डबे एकमेकांशी बोलतात ते एका वेगळ्या, खाजगी नेटवर्कावरून. तिथे तुमच्या फोनचं किंवा लॅपटॉपचं काही काम नसतं, म्हणून नाव दाखवतच नाहीत. आणि गंमत बघा, तुमच्याकडे एकच डबा असला तरी पुष्कळ राउटर हे नेटवर्क चालू ठेवतात, उद्या दुसरा डबा आणला तर तो आपोआप जोडला जावा म्हणून. इंटरनेटबरोबर टीव्हीची सेवा देणाऱ्या कंपन्या टीव्हीच्या बॉक्ससाठी असंच वेगळं नेटवर्क ठेवतात. काही राउटरमध्ये स्मार्ट बल्ब, दाराची बेल, सेन्सर अशा वस्तूंसाठी ते असतं. काही कंपन्या ग्राहकांच्या राउटरमधून आपल्या इतर ग्राहकांसाठी हॉटस्पॉटही चालवतात. तो बहुतेक वेळा नावासकट दिसतो, पण तोही तुम्ही न मागितलेलाच.

राउटर सोडून घरातल्या इतर वस्तूही हे करतात. प्रिंटर, टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंगच्या काड्या, बिनवायरी सबवूफर असलेले साउंडबार. माझ्याच घरात राउटर बंद केल्यावरही एक बिननावाचं नेटवर्क उणे ४५ वर ठाण मांडून बसलं होतं. मी राउटरच्याच मागे लागलो होतो. दोनदा सगळं रीसेट केलं, पासवर्ड बदलले. तिसऱ्या संध्याकाळी फोन हातात धरून खोलीतून फिरलो. टीव्हीच्या स्टँडजवळ आकडा ३० च्या घरात आला, साउंडबारची वायर काढली आणि दोन मिनिटांनी यादी रिकामी झाली. बॉक्समध्ये आलेलं पुस्तक पुन्हा वाचलं, त्यात याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. त्या तीन संध्याकाळी घरात जी कुजबुज झाली ती मला आठवते, म्हणून तुमच्या पत्रातली भीती मला अजिबात पोरकट वाटत नाही.

खरा राग मला इथे आहे. या नेटवर्कांत बहुतेक वेळा काही वाईट नसतं, पण ती आहेत हे सांगायला कुणाची हरकत होती? नाव लपवतात ते ग्राहकानं चुकून त्यावर क्लिक करू नये, पासवर्ड मागितला म्हणून कस्टमर केअरला फोन करू नये, एवढ्यासाठी. परिणाम उलटाच होतो. लपवलेलं काही दिसलं की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो चोराचा. आणि कस्टमर केअरला फोन केला तर समोरच्या मुलीला स्क्रीनवर तुमचं एकच नाव दिसतं. ती प्रामाणिकपणे सांगते, एकच नेटवर्क आहे. ती खोटं बोलत नाही, तिलाही कुणी सांगितलेलं नाही. घरात बसवलेलं यंत्र हवेत काय सोडतं हे घरातल्यांना माहीत असण्याचा हक्क आहे, आणि तो मागायलाही हवा.

आता लपवण्याविषयी. लपलेलं म्हणतात म्हणून आपल्याला वाटतं की ते कुणालाच दिसत नाही. प्रत्यक्षात काय घडतं? प्रत्येक वायफाय नेटवर्क साधारण सेकंदाला दहा वेळा हाक मारतं: मी इथे आहे, माझं नाव हे, माझा पत्ता हा, मी या चॅनलवर आहे, माझ्याकडे कुलूप या प्रकारचं आहे. नाव लपवलं तरी हाक थांबत नाही. दर वेळी तेवढीच हाक जाते, फक्त नावाची जागा कोरी सोडलेली असते. पत्ता, चॅनल, कुलपाचा प्रकार सगळं उघडं. तुमचा लॅपटॉप तेच वाचून 'हिडन नेटवर्क' लिहितो.

आणि नावही फार वेळ लपत नाही. त्या नेटवर्काचा कुठलाही ओळखीचा फोन जोडला जातो तेव्हा तो मोकळ्या हवेत नाव घेऊनच जोडणी मागतो. त्या क्षणी साध्या लॅपटॉपवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून कुणी ऐकत बसला असेल, तर त्याला नाव कळलं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. आपलं नेटवर्क लपवू नका. सुरक्षितता वाढत नाहीच, उलट एक नवीन त्रास होतो. राउटर नाव सांगेनासा झाला की ते सांगण्याची पाळी तुमच्या फोनवर येते. फोनला आसपास तुमचं नेटवर्क आहे की नाही हे कळत नाही, म्हणून तो जिथे जाईल तिथे नाव घेऊन विचारत राहतो, 'अमुक नेटवर्क इथे आहे का?' बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात. घरी लपवलेलं नाव आपण गावभर सांगत फिरतो. आयफोनवर अशा नेटवर्काला जोडलं की सेटिंगमध्ये ते लपलेलं असल्याबद्दल खाजगीपणाचा इशारा येतो, तो यासाठीच.

कॅमेऱ्याची भीती तुम्ही शेवटी, एका ओळीत लिहिलीत, पण पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय असं मला वाटलं. म्हणून सरळ सांगतो. बिननावाचं नेटवर्क दिसणं ही कॅमेरा असल्याची खूण नाही. वायफायवर चालणारा कॅमेरा बहुधा आधीच असलेल्या नेटवर्काला जोडलेला असतो किंवा स्वतःचं नेटवर्क नावासकट दाखवतो, कारण ज्यानं तो लावला त्यालाही तो सापडायला हवा असतो. पण उलट बाजूही सांगायला हवी. वायफायची यादी स्वच्छ असली म्हणजे कॅमेरा नाहीच असंही नसतं, कारण मेमरी कार्डावर किंवा सिम कार्डावर चालणारे कॅमेरे वायफायमध्ये दिसतच नाहीत. म्हणून खोलीची शंका खोलीतच तपासा. न ओळखीचं चार्जर, घड्याळ, स्मोक डिटेक्टर, पलंगाकडे तोंड केलेली कुठलीही नवी वस्तू बघा. अंधार करून टॉर्च डोळ्याजवळ धरा आणि हळूहळू सगळीकडे फिरवा, लेन्स असेल तर बारीक टिंब चमकतं. मुलींना सोबत घेऊन करा. त्यांच्यापासून लपवून केलंत तर त्यांना वेगळीच भीती बसेल.

फसवणाऱ्याच्या बाजूनं एकदा विचार करून बघा. त्याला तुम्ही त्याच्या नेटवर्काला जोडायला हवं आहात. मग तो नाव लपवेल का? बिननावाच्या नेटवर्काला तुमचा फोन आपणहून कधीच जोडला जात नाही, तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय. जाळं टाकणारा तुमच्या ओळखीचं नाव घेतो. तुमच्याच नावाचं दुसरं नेटवर्क, पण कुलूप नसलेलं, किंवा पत्त्याचा काहीच मेळ नसलेलं, असं यादीत दिसलं तर मात्र दचका. तेव्हा जोडू नका आणि राउटरचा पासवर्ड लगेच बदला.

राउटरमध्ये शिरकाव होतो तो बहुतेक वेळा हवेतून नाही, इंटरनेटच्या वायरीतून. जर्मनीत २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. मिराई या घातक प्रोग्रॅमच्या एका प्रकारानं कंपन्या राउटर दुरून सांभाळण्यासाठी जे दार उघडं ठेवतात तिथून घुसायचा प्रयत्न केला होता. त्या नऊ लाख घरांच्या शेजारी कुणी हॅकर बसलेला नव्हता. तेव्हा काळजी करायची तर अशा गोष्टींची करा: राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का, त्याच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून लेबलवरचाच आहे का.

तुमच्या राउटरच्या सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुधा उघडेल. नेमका आकडा राउटरच्या खालच्या लेबलवर असतो. तिथे सगळ्यात आधी डब्ल्यूपीएस बंद करा. पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वस्तू जोडण्याची ती सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण स्टेफान फीबॉक या संशोधकानं २०११ मध्ये दाखवून दिलं की राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत पिन सापडते. ज्या भीतीनं तुम्ही पत्र लिहिलंत तिच्यापेक्षा हे भोक खरं आहे आणि सेटिंगमधली एक खूण काढली की बुजतं. मग कुलूप डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर ठेवा, जुन्या वस्तू जोडल्या जात नसतील तर डब्ल्यूपीए२ वर. पासवर्ड लांब ठेवा. त्याच पानावर मेश, टीव्ही बॉक्स, स्मार्ट होम, पाहुण्यांसाठीचं नेटवर्क अशा नावांच्या खुणा शोधा. जे वापरत नाही ते एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी अ‍ॅपमध्ये दोन मिनिटं थांबून बघा. कुठल्या खुणेबरोबर ७२ वाली गेली ते कळेल, आणि ती कशासाठी होती तेही.

तिथे जोडलेल्या वस्तूंची यादीही दिसेल. त्यात न ओळखीचं काही दिसलं तर लगेच दिरांना बोलावू नका. अँड्रॉइडनं १० व्या आवृत्तीपासून म्हणजे २०१९ पासून आणि आयफोननं २०२० पासून फोनचा पत्ता मुद्दाम खोटा द्यायला सुरुवात केली आहे, आपला माग कुणी काढू नये म्हणून. यादीतली अनोळखी वस्तू घरातलाच एखादा फोन असण्याची शक्यता खूप असते. एकेक फोनचं वायफाय बंद करून यादीतून कोण गळतं ते बघा.

कुठलीच खूण बंद होत नसेल तर कंपनीला विचारा, पण फोनवर नको, लेखी. एकच नेटवर्क आहे हे उत्तर पुन्हा ऐकायचं नसेल तर पत्ता लिहून विचारा: या पत्त्याचं बिननावाचं नेटवर्क तुमच्या राउटरमधून निघतंय, ते कशासाठी आहे, त्यावर कोण जोडलं जाऊ शकतं, माझा डेटा त्यातून जातो का, आणि ते बंद कसं करायचं. सोबत राउटर चालू असतानाचं आणि त्याची पिन सॉकेटमधून काढल्यानंतरचं, अशी दोन चित्रं जोडा. चित्रं जोडलेली तक्रार तांत्रिक विभागाकडे गेल्याशिवाय राहत नाही असा माझा अनुभव आहे. उत्तर मिळालंच नाही आणि मनाला पटत नसेल, तर कंपनीच्या डब्याचे रेडिओ पूर्ण बंद करून मागायचे आणि वायफायसाठी स्वतःचा राउटर त्याला जोडायचा, हा मार्ग उरतो. खर्चाचा आहे, पण आहे. राउटर परत करण्याची घाई आत्ता नको. बदली म्हणून तसाच दुसरा येईल आणि त्यातूनही हेच निघेल.

एक बारीक गोष्ट. बिननावाचं नेटवर्क निरुपद्रवी असलं तरी फुकट नसतं. त्याच्या हाका २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यात संथ वेगानं, म्हणजे पुष्कळदा सेकंदाला दहा लाख बिटनं जातात. अडीचशे बाइटची हाक म्हणजे दोन हजार बिट, दोन मिलिसेकंद. सेकंदाला दहा हाका म्हणजे वीस मिलिसेकंद, वेळेचे दोन टक्के. एका नेटवर्कानं काही बिघडत नाही. पण दाट वस्तीत एकाच चॅनलवर आजूबाजूची अशी नऊ-दहा जमली, तर पंधरा-वीस टक्के वेळ नुसत्या हाकांतच जातो. संध्याकाळी व्हिडिओ अडकत असेल तर लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथल्या हाका कितीतरी वेगानं उरकतात.

राहिला तो शेजारचा मुलगा. ताई, त्याच्याविरुद्ध तुमच्या पत्रात दोनच गोष्टी आहेत. तो कॉम्प्युटरचं काम करतो आणि रात्री जागा असतो. यातली एकही गोष्ट राउटरपर्यंत पोहोचत नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या चित्रात तर त्याच्याकडे बोट दाखवणारं काहीच नाही. दिरांनाही ते ७० आणि ७२ शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, पुढच्या पाच जोड्या त्यांनाच वाचू द्या. माणूस स्वतः वाचतो तेव्हा लवकर पटतं.

त्याच्या आईशी मात्र आजच बोला, पिन काढायचा प्रयोग करण्याच्याही आधी. संशय होता हे सांगायची गरज नाही. हवं तर त्या मुलालाच विचारा, तुझ्या यादीत बिननावाचं काही दिसतं का. त्याच्या खोलीत बहुतेक उणे ८० च्या आसपास एक नेटवर्क दिसत असेल, ७२ पासून सुरू होणारं. त्यालाही ते कुणाचं आहे हे ठाऊक नसेल.